सोन्याच्या काट्यावर कार्बनचं हँडल

आबा बिस्कीटसुद्धा काट्यावर ठेवायचे. खरंच सांगते. चहा आला की पुड्यातलं एक बिस्कीट उचलायचं, काट्यावर ठेवायचं, आकडा बघायचा, "कालच्यापेक्षा कमी शे" असं पुटपुटायचं आणि मग चहात बुडवायचं. मी विचारलं, "आबा, कशाला?" तर म्हणाले, "हात मोकळा राह्यना ना, तर डोकं फिरस." त्यांचा हात मोकळा मी कधी बघितलाच नाही. बोलताना बोल्ट फिरवणार, ऐकताना चेन पुसणार, आणि काहीच नसलं तर समोरच्याच्या सायकलचा ब्रेक दाबून बघणार.

काटा साधा नव्हता, सराफाचा होता. काचेच्या पेटीतला, वारा लागला तरी आकडा हलेल असा. आबांनी चाळीस वर्षं जळगावच्या सराफ बाजारात कारागिरी केली होती. बांगड्या, पोत, कानातले, सगळं हाताने. मग मशीनचे दागिने आले, आबांच्या हाताखालचं काम कमी होत गेलं आणि एक दिवस ते घरी बसले. बसले म्हणजे काय, चार दिवस. पाचव्या दिवशी शेजाऱ्यांची शिलाई मशीन उघडून ठेवली होती म्हणे.

सायकली त्यांच्याकडे आल्या त्या एका बोल्टमुळे. धुळ्याचे एक डॉक्टर, डोंगरात सायकल चालवायचं वेड असलेले. त्यांच्या महागड्या माउंटन बाइकमध्ये टायटॅनियमचा एक बोल्ट आतच तुटला. धुळ्यात कुणी हात लावेना, नाशिकला सांगितलं की फ्रेमच बदला. कुणीतरी म्हणालं, जळगावला एक सोनार आहेत, त्यांच्याकडे केसाएवढं ड्रिल आहे. आबांनी तो तुकडा दोन तास खपून बाहेर काढला, आटा जसाच्या तसा. आणि काढलेला तुकडा सवयीने काट्यावर ठेवला. मग डॉक्टरांना विचारलं, "एवढुशा तुकड्याचा भाव किती?" डॉक्टरांनी सांगितला. आबा खुर्चीतून उठलेच! त्या दिवसापासून ते सायकलींचे झाले.

सगळ्यात जास्त त्यांना कशाचं नवल वाटायचं माहितीये? या धंद्याचा भावच उलटा आहे, याचं. "सोन्यात वजन वाढलं की भाव वाढस," ते म्हणायचे. "आठे वजन कमी झालं की भाव वाढस! आमनं बठ्ठं आयुष्य उलटं गयं व." वजन ते तोळ्यातच सांगायचे. गिअरची बारा चकत्यांची मागची कॅसेट: साधी सत्तेचाळीस तोळे, भारीतली सदतीस. "दहा तोळे कमी करायला चौपट पैसे," असं म्हणून दोन्ही कॅसेटी काट्याच्या बाजूला ठेवून कितीतरी वेळ बघत बसायचे. फ्रेम त्या काट्यावर मावायची नाही, तर तिच्यासाठी रद्दीवाल्याकडचा लटकता काटा आणून ठेवला होता. त्यावर त्यांचा विश्वास नव्हता, ते वेगळं.

मी त्यांच्याकडे पोचले तेव्हा माझ्या डोक्यात फक्त आकडे होते. मी मूळची पहूरची, घरची केळी. जळगावला पाइपच्या कारखान्यात तपासणी विभागात नोकरी, आणि संध्याकाळी मोबाइलवर सायकलींचे व्हिडिओ. कुठला फोर्क, कुठला डिरेलर, कार्बनची चाकं की अॅल्युमिनियमची, सगळं तोंडपाठ! मला अडीच लाखांची सायकल दिसत होती. पप्पांना फोनवर किंमत सांगितली तर म्हणाले, "एवढ्यात तर फटफटी येईल, अन् तिला पायडल मारा लागत नाही." म्हणून ठरवलं, तयार नको, एकेक पार्ट घेऊन जोडायची. आबांनी पहिल्याच दिवशी माझं नाव 'केळीवाली' ठेवलं आणि माझी पार्टांची यादी हातात घेतली. वाचता वाचता पेन्सिलीने अर्धी खोडली.

"हाई काय शे? डिरेलर सगळ्यात महाग, अन् टायर सगळ्यात स्वस्त?"

"आबा, डिरेलर इलेक्ट्रॉनिक आहे. बटण दाबलं की गिअर पडतो."

"अन् पोरगी पडनी तर?" आबा म्हणाले. "जे जमिनीले लागस, तठे पैसा टाक. जे लोकेस्ले दिसस, तठे नको."

झालं. माझी सायकल त्या एका वाक्यावर उभी राहिली. पहिले पैसे टायरला, ट्यूबलेस, बाजूच्या भिंती जाड असलेले, कारण आपल्याकडे बाभळीचे काटे. मग ब्रेक, चार पिस्टनचे हायड्रॉलिक. मग पुढचा फोर्क, हवेवर धक्के झेलणारा, पण असा की ज्याचे सील जळगावात बसून बदलता येतील. या मुद्द्यावर आबा फार हट्टी. "जे उघडता येत नही, ते तुन्हं नही," म्हणायचे. फ्रेम अॅल्युमिनियमची, गिअर मधल्या दर्जाचे, चाकं साधी. मला दर आठवड्याला काहीतरी नवीन दिसायचं आणि मी धावत जायचे. आबा, याच्यावर सूट आहे! आबा, याचं वजन बघा! आबा म्हणायचे, "लई ये, काट्यावर ठेव, मग बोल." आणि खरंच, कंपनीने लिहिलेलं वजन आणि काट्यावरचं वजन कधी जुळायचं नाही. आबांना त्याचा इतका आनंद व्हायचा! जणू चोर पकडला.

छोट्या गोष्टींचा त्यांना जास्त आदर. मागचा डिरेलर ज्या पट्टीवर लटकतो ना, हँगर म्हणतात तिला, ती मुद्दाम नरम असते. सायकल आपटली की ती वाकते आणि फ्रेम वाचते. स्वस्तातली वस्तू, पण प्रत्येक फ्रेमची वेगळी. डॉक्टरांची वाकली तेव्हा नवीन यायला महिना लागणार होता. आबांनी अॅल्युमिनियमच्या ठोकळ्यातून कानशीने घासून घासून तशीच बनवली. डॉक्टर एरवी छापील मराठी बोलणारे गृहस्थ, ते म्हणाले, "अहो, ही तर मूळच्यापेक्षा मजबूत दिसते." आबांचा चेहरा एकदम पडला. पट्टी परत काढली आणि पुन्हा घासून पातळ केली. "तिनं वाकायलाच पाहिजे, डॉक्टरसाहेब. ती नाही वाकली तर फ्रेम मोडेल." डॉक्टरांशी बोलताना आबासुद्धा छापील मराठीत शिरायचे, इस्त्रीचा शर्ट घातल्यासारखे.

आता ते हँडल.

डोंगरातल्या एका शर्यतीत मी नाव दिलं होतं. पिंपळनेरच्या पुढे, साक्री तालुक्यातल्या डोंगरांत. मुलींमध्ये पहिल्या तिघी राज्याच्या शिबिराला जाणार होत्या. मला ते शिबिर इतकं हवं होतं की मी कारखान्यात रजेचा अर्ज आधीच लिहून ठेवला होता. सायकल तयार होती, पण मला ती अजून हलकी पाहिजे होती. सायकलवाल्यांच्या एका ग्रुपवर वापरलेलं कार्बनचं हँडल दिसलं, सोळा तोळे. माझं अॅल्युमिनियमचं एकतीस तोळे. मी घेऊन टाकलं. घेतल्यावर मात्र झोप उडाली, कारण कार्बनच्या मालात नकली फार. वरून कार्बनचं विणकाम, आत भलतंच काही. हँडल घेऊन सरळ आबांकडे गेले.

"आबा, हे अस्सल आहे का बघा ना."

सोनार अस्सल-नकली कसं बघतो? जिथे कुणाला दिसणार नाही तिथे कानशीने बारीक खाच मारतो आणि आतला रंग बघतो. वरून सोनं आणि आत तांबं असेल तर खाचेत कळतं. आबांनी चाळीस वर्षं हेच केलं होतं. त्यांनी हँडल फिरवलं, मधली जागा शोधली, जिथे स्टेम हँडलला पकडतो तिथली कड. खाच अर्धी झाकली जावी म्हणून. आणि नखाएवढी कानस मारली. मी बाजूलाच उभी होते. मी नको म्हणाले का? छे! मी मोबाइलचा टॉर्च धरला होता.

"अस्सल," आबा म्हणाले. "आतबाहेर एकच शे."

मी टाळ्या वाजवल्या. आम्ही दोघांनी पेढा खाल्ला. आबांनी तोही आधी काट्यावर ठेवला. त्यानंतर पंधरा दिवस मी त्या हँडलवर सराव केला, मेहरूण तलावाच्या बाजूच्या खडबडीत वाटांवर, दगडांवरून उड्या मारत.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मी टेम्पोने पिंपळनेरला गेले. मुक्काम डोंगरातल्या एका शाळेत, मोबाइलला रेंज नाही. सकाळी चिट्ठ्या टाकून नंबर दिले, दहाला सुरुवात. पावणेदहाला मी हेल्मेट घालत होते आणि खालून एक काळीपिवळी जीप धूळ उडवत आली. जीपमधून उतरले आबा.

जळगावच्या गल्लीबाहेर मी त्यांना कधी बघितलं नव्हतं! अंगात इस्त्रीचा शर्ट, खांद्याला पिशवी, पिशवीतून एक हँडल बाहेर आलेलं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही, आधी सायकलकडे गेले आणि सीटवर हात ठेवून उभे राहिले, कुणी ती पळवून नेईल असे.

"अकरा फोन लावले तुले," ते म्हणाले. "हाई सायकल आज अशी चालावू नको."

"आबा, काय झालं? पंधरा मिनिटांत सुरू होतंय!"

"खाच. मी मारेल शे ना, ती."

झालं होतं असं. डॉक्टरांची तुटकी कार्बनची सीटपोस्ट, म्हणजे सीटखालची दांडी, आबांकडे पडून होती. तिचा तुकडा कापून किल्लीला अडकवायला काहीतरी करू, असं आदल्या संध्याकाळी त्यांच्या मनात आलं. सवयीप्रमाणे आधी कानशीने खाच पाडली आणि हाताने जरा वाकवलं. सोनं वाकतं. पितळ वाकतं. हे कट्टकन मोडलं, बरोबर खाचेतून, आणि चीर लांबपर्यंत गेली. आबांना माझ्या हँडलवरची खाच आठवली. मग मला फोन, पुन्हा फोन. मग सकाळची पहिली एसटी, धुळ्याला गाडी बदल, पिंपळनेरला उतरून जीप.

माझ्याभोवती मुली जमल्या होत्या, आयोजकांपैकी एकजण घड्याळ दाखवत होता. मी म्हणाले, "आबा, पंधरा दिवस चालवलंय मी, काही झालं नाही. शर्यत झाल्यावर बदलू."

आबांनी सगळ्यांसमोर, मोठ्यांदा सांगितलं, "चूक मन्ही शे. मी चुकनू. चाळीस वरीस जे करं ते आठे चुकलं. पन तुले या हँडलवर मी जाऊ देणार नही." आणि पिशवीतून चावी काढून सरळ बोल्टला लावली.

आता हे ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. हँडल बदलणं म्हणजे दोन्ही मुठी काढा, दोन्ही ब्रेक काढा, गिअरचं बटण काढा, सगळं दुसऱ्यावर चढवा, सरळ करा, आवळा. आबांचे हात भराभर चालत होते, पण तरी वीस-बावीस मिनिटं गेली. मधेच दहा वाजले, शिट्टी झाली आणि सगळ्या मुली गेल्या. धूळ खाली बसली तरी मी तिथेच होते. मला रडू येत होतं आणि ते आबांना दिसू नये म्हणून मी पाण्याची बाटली तोंडाला लावून उभी होते, रिकामी.

निघताना मी बोलले. बोलायला नको होतं. मी म्हणाले, "तुम्हाला खाच मारायला कुणी सांगितलं होतं?"

सांगितलं मीच होतं. टॉर्च माझ्या हातात होता. आबांनी मागून सीटला हलकासा धक्का दिला फक्त.

मी पाचवी आले. सात मिनिटं उशिरा सुटून पाचवी. तिसरीच्या आणि माझ्या मध्ये सव्वा मिनिट होतं. हे गणित मी घरी जाताना हजार वेळा केलं. आबा थांबले नव्हते, परतीच्या गाडीने निघून गेले होते. नंतर कळलं, त्यांनी आणलेलं हँडल त्यांच्या स्वतःच्या सायकलचं होतं. उरल्यासुरल्या पार्टांतून त्यांनी एक सायकल जोडली होती, रोज सकाळी तिच्यावर तलावापर्यंत जायचे. ती आता बिनहँडलची भिंतीला टेकून उभी होती.

तीन आठवडे मी गेले नाही. मग गेले ती भांडायलाच. कार्बनचं हँडल घेऊन गेले आणि टेबलावर आपटलं. "आबा, मला बघायचंय. खरंच मोडलं असतं का ते?"

आबांनी माझ्याकडे बघितलं. "बघ," एवढंच म्हणाले.

मी ते शिकंज्यात आवळलं, स्टेमसकट, अगदी सायकलवर बसतं तसं. एका टोकावर लोखंडी पाइप चढवला आणि भार दिला. काही नाही. उडी मारून लोंबकळले, पूर्ण वजन टाकून. करकरलंसुद्धा नाही. आणखी दोनदा. हँडल जसंच्या तसं! मला धाप लागली होती आणि मी ओरडत होते, "बघा! बघा! नसतं मोडलं! माझं शिबिर उगाच गेलं!"

मला वाटलं होतं, आबा काहीतरी समजावतील, कारण सांगतील, नाहीतर रागावतील. आबा खाली बसले आणि हसायला लागले. आधी हळू, मग इतकं की डोळ्यांतून पाणी. "बरं झालं," म्हणत होते. "बरं झालं व माय. मी खोटा पडनू. देवा, मी खोटा पडनू."

पंधरा दिवस! मी त्या हँडलवर पंधरा दिवस उड्या मारल्या होत्या आणि हा माणूस त्या रात्रीपासून तेच पंधरा दिवस मोजत बसला होता. मला शिबिर दिसत होतं. त्यांना काय दिसत होतं ते मला तेव्हा, पाइपला लोंबकळल्यावर, समजलं.

मी हँडल शिकंज्यातून काढलं. आबा हसायचे थांबले आणि माझ्या हातांकडे बघायला लागले, मी आता ते पिशवीत घालते की काय म्हणून. आज मोडलं नव्हतं, पण खाच तिथेच होती. मी विचारलं, "करवत कुठंय?"

"पानी मार आधी," आबा म्हणाले. "कोरडं कापू नको, धूळ नाकमा जास." मी कापायला लागले आणि आबांनी दुसरं टोक धरलं. चांगलं हँडल होतं हो. कापायला वेळ लागला.

दिवाळीनंतर आबा सुरतला मुलीकडे राहायला गेले, कायमचे. जाताना हत्यारं मला दिली. मी नको नको म्हणत होते, ते म्हणाले, "तठे मी बिनकामाना बसनार नही, मुलीना मिक्सर शे." आता सुटीच्या दिवशी लोक माझ्याकडे सायकली आणतात. डॉक्टरपण आणतात. परवाच त्यांना नवं कार्बनचं हँडल बसवून दिलं. माझी टॉर्क, म्हणजे बोल्ट किती जोराने आवळला ते, मोजायची चावी एकाने नेली होती, म्हणून मी बोल्ट अंदाजाने आवळले. जास्त आवळले तर कार्बन चिरतं, पण बहुतेक बरोबरच आवळले असतील. रविवारी ते लळिंगच्या बाजूला जाणार आहेत.

बहुतेक!

सकाळी फोन करून सांगितलं, "डॉक्टर, सायकल चालवू नका, माझी चूक झालीये, मी येतेय." ते म्हणाले, "अहो, एवढ्यासाठी कशाला? काही होत नाही." मी म्हणाले, "देव करो आणि काही न होवो, पण मी येतेय." नवीन चावी पिशवीत आहे. हे सगळं जळगाव स्टँडवर उभ्याने टाइप केलंय, चुका असतील तर सांभाळून घ्या. धुळ्याची गाडी लागली.